आतली लाईट लाव

आमच्या पोलीस लाईनीतल्या घरात दाराच्या मागं एक लाठी उभी असायची. बांबूची, तेल पाजून पाजून तांबूस झालेली, आणि वरच्या टोकाला पप्पांनी खिळा तापवून आपला बक्कल नंबर डागलेला, कारण बंदोबस्तात लाठ्यांची अदलाबदल होते आणि आपली लाठी दुसऱ्याच्या हातात गेली की त्यांना चैन पडायचं नाही. पप्पा घरात असले की ती लाठी मम्मीच्या ड्युटीवर. उंच दोरीवरचे कपडे काढायचे, माळ्यावरचा डबा पुढं ओढायचा, एकदा तर गटारीत गेलेला माझा बॉल तिनं त्याच लाठीनं काढला आणि पप्पा झोपेतनं उठायच्या आत धुऊन पुसून परत दारामागं ठेवली, जसं काही झालंच नाही. सांगायचा मुद्दा, लाठी हे हत्यार आहे असं मला मोठी होईपर्यंत कधी वाटलंच नव्हतं. केरसुणीच्या शेजारची घरातली एक वस्तू, बास.

26 नोव्हेंबर 2008 च्या रात्री गिरगाव चौपाटीवर तुकाराम ओंबळेंच्या हातात हीच वस्तू होती.

दरवर्षी नोव्हेंबरचा शेवटचा आठवडा आला की सगळ्यांच्या स्टेटसला मेणबत्त्या आणि तेच चार-पाच फोटो. मी पण ठेवतो (हो, ‘ठेवतो’च, आम्ही कोल्हापूरच्या पोरी असंच बोलतो, पुण्याच्या मैत्रिणींनी हसायचं तेवढं हसून घ्या, लिहिताना मात्र शाळेतल्या बाईंच्या धाकानं ‘ठेवते’ लिहिते). यंदा म्हटलं स्टेटस राहू दे, नीट बसून लिहावं. कारण ओंबळेंबद्दल मला जे काय कळलंय ते टीव्हीवरनं कमी आणि आमच्या पप्पांकडनं जास्त कळलंय, आणि पप्पांचं आता वय झालंय, ते काय लिहिणार नाहीत.

ती रात्र मला पक्की आठवते. बुधवार होता. कटकला इंग्लंडबरोबर वनडे होती, आपण जिंकलो म्हणून लाईनीतल्या पोरांनी गलका केला होता. मी कॉलेजात सेकंड इयरला. पप्पा उशिरा जेवायला बसलेले. टीव्हीवर आधी गँगवॉर आहे म्हणत होते, मग सीएसटी आलं, मग लिओपोल्ड, मग ताज, आणि पप्पांचा हात ताटातच थांबला. अर्ध्या तासात फोन. नाकाबंदी. अर्धी भाकरी ताटात तशीच टाकून उठले, एरवी अन्न टाकलं की आम्हाला रागवणारा माणूस. बेल्ट, टोपी, शिट्टी आणि दारामागची लाठी. मम्मी म्हणाली, ‘तिकडं मुंबईत गोळ्या चालल्यात आणि तुम्ही ही काठी घेऊन चाललाय व्हय?’ पप्पा म्हणाले, ‘मग काय तुझं लाटणं घेऊन जाऊ?’

त्यांच्या नाक्यावर त्या रात्री पाच जण होते आणि पाच जणांत एक रायफल, ती पण थ्री नॉट थ्री, एक गोळी मारली की बोल्ट मागं ओढून दुसरी चढवायची. कुठला नाका, कुठलं ठाणं ते सांगत नाही, सांगून आता काय करायचंय.

रात्रभर आम्ही टीव्हीपुढं. एटीएसचे, म्हणजे दहशतवादविरोधी पथकाचे प्रमुख हेमंत करकरे, आणि त्यांच्याबरोबरचे पोलीस अधिकारी अशोक कामटे आणि विजय साळसकर, तिघंही कामा हॉस्पिटलजवळ रंगभवनच्या गल्लीत एकाच गाडीत मारले गेले ही बातमी आली तेव्हा शेजारच्या काकू उठून आमच्यात येऊन बसल्या, त्यांचे मिस्टर पण ड्युटीवर होते. ओंबळेंचं नाव त्या तिघांच्या नंतर आलं. ते कुणी मोठे साहेब नव्हते ना. सकाळी पप्पा आले, बूट न काढता खुर्चीत बसले, मी सांगितलं की चौपाटीवर एका पोलिसानं एक अतिरेकी जिवंत धरला, स्वतः गेला पण धरला. त्यांनी एवढंच विचारलं, ‘कशानं धरला?’ मी म्हटलं, हातानं. मग बराच वेळ काहीच बोलले नाहीत.

आता ओंबळे कोण ते थोडं सांगते, कारण नाव सगळ्यांना माहीत आहे पण माणूस फारसा कुणाला माहीत नसतो. सातारा जिल्ह्यातलं, जावळी तालुक्यातलं केडंबे हे त्यांचं गाव. मेढ्याच्या बाजूचा तो सगळा डोंगराचा मुलूख, भाताची खाचरं, आणि घरटी एक माणूस मुंबईला, कुणी माथाडी, कुणी गिरणीत, कुणी खात्यात. ओंबळे आधी सैन्यात होते, सिग्नलमध्ये. तिथली नोकरी संपवून 1991 साली मुंबई पोलिसात आले. 2008 ला सहायक फौजदार, म्हणजे एएसआय, डी. बी. मार्ग पोलीस ठाण्याला. पप्पांच्या भाषेत, ‘आमच्यातलाच माणूस, हवालदाराच्या वर एक पायरी.’ सैन्यातल्या नोकरीचा मुद्दा पप्पा मुद्दाम सांगतात. जो माणूस फौजेत राहून आलाय त्याला एके-47 काय करते ते माहीत असणारच की. म्हणजे त्यांनी ती नळी धरली ती न कळता धरलेली नाही.

आणि नाकाबंदी. ही गोष्ट खात्याबाहेरच्या माणसाला कळत नाही असं पप्पांचं ठाम मत आहे आणि मला पण आता पटतं. आपल्याला नाकाबंदी म्हणजे काय, तर लायसन दाखवा, पीयूसी दाखवा आणि उशीर. पप्पांनी मला एकदा जेवणाच्या टेबलावर वाट्या मांडून समजावलं होतं. गाडी लांबनं येताना पोलिसाला फक्त दोन दिवे दिसतात. आत म्हातारी आहे का दरोडेखोर आहे, काय कळत नाही. म्हणून पहिलं सांगायचं, हेडलाईट बंद कर. दुसरं, आतली लाईट लाव. तिसरं, काच खाली. आतली लाईट लागली की आत माणसं किती आणि कुणाचे हात कुठं आहेत ते दिसतं. ‘तोंडं बघत नाही आम्ही,’ पप्पा म्हणाले, ‘हात बघतो.’ आणि ही सगळी बडबड ज्या वेळात चालते ना, त्या वेळात गाडीसमोर उभा असलेला माणूस पूर्ण उघडा असतो. त्याच्यावर दिवे, त्याला समोरचं काय दिसत नाही, आणि त्याच्या हातात काठी. रोज रात्री महाराष्ट्रात कितीतरी रस्त्यांवर कुणीतरी असा उभा असतो, तेव्हा गाडीत बहुतेक वेळा म्हातारीच असते, म्हणून आपण हसतो.

त्या रात्री गाडी म्हणजे चंदेरी स्कोडा. आधी पोलिसांचीच क्वालिस पळवली होती, करकरे-कामटे-साळसकरांची, तिचा टायर गेला म्हणून रस्त्यात लोकांना उतरवून ही स्कोडा घेतली. क्वालिसमध्ये मागं जखमी होऊन पडलेले कॉन्स्टेबल अरुण जाधव जिवंत राहिले होते, त्यांनी वायरलेसवरनं कळवलं काय झालंय ते. पुढं स्कोडाचा निरोप पण वायरलेसवर फिरला. चौपाटीला डी. बी. मार्गच्या लोकांनी बॅरिकेड लावून रस्ता अडवलेला. रात्री साडेबाराच्या सुमाराला गाडी आली आणि बॅरिकेडच्या थोडी अलीकडं थांबली. पोलीस ओरडले, हेडलाईट बंद करा, आतली लाईट लावा. आतल्यांनी बरोबर उलटं केलं. हेडलाईट तसेच ठेवले आणि काचेवर पाणी मारून वायपर चालू केले, म्हणजे आतलं अजिबात दिसू नये. पाऊस नाही काही नाही, नोव्हेंबरात वायपर. मग गाडी वळवून पळायला गेले, ती दुभाजकाला धडकून अडकली.

पुढचं फार थोड्या वेळात झालं. गाडी चालवणारा इस्माईल खान पोलिसांच्या गोळीबारात मेला. शेजारच्या सीटवरचा कसाब बाहेर आला, शरण येतोय असं वाटेपर्यंत त्यानं एके-47 वर काढली, आणि ओंबळेंनी झेप घेऊन तिची नळी धरली. गोळ्या सुटल्या. एपीआय संजय गोविलकर यांना पण लागली, पण बाकीच्या ओंबळेंच्या अंगात गेल्या आणि मागं उभ्या असलेल्यांपर्यंत पोचल्या नाहीत. हात सुटले नाहीत तोवर बाकीच्यांनी कसाबला लाठ्यांनी लोळवला. दहा जण आले होते, नऊ मेले, एक जिवंत सापडला, तो हा.

फॉरवर्डवाल्यांना गोळ्या मोजायची फार हौस. दरवर्षी आकडा वेगळा, आणि आकडा जितका मोठा तितके रडके इमोजी जास्त. पप्पांना याचा भयंकर राग येतो. त्यांचं म्हणणं, मोजायचंच असेल तर सेकंद मोजा.

हे नीट कळायला पप्पांचं दुसरं अंग माहीत पाहिजे. पप्पा गावाकडनं कोल्हापूरला आले ते पोलीस व्हायला नाही, पैलवान व्हायला. गंगावेश तालमीत चार वर्षं काढली. पहाटे चारला उठून हौदा उकरायचा, त्या लाल मातीत ताक, हळद, लिंबू, तेल काय काय घातलेलं असतं, ती फावड्यानं वरखाली करायची, मग जोर, मग बैठका, मग दोर. खासबागेत दोन कुस्त्या मारल्या असं ते सांगतात, मम्मी म्हणते एक मारली आणि एक बरोबरीत सुटली. गुडघा गेला म्हणून कुस्ती सुटली आणि शरीर बघून भरतीत घेतलं. त्यामुळं जगातली कुठलीही गोष्ट ते कुस्तीवर आणून सोडतात, निवडणूक असू दे नाहीतर माझं लग्न.

तर पकडीबद्दल त्यांचं म्हणणं असं. दुखलं की हात आपोआप सुटतो. गरम तव्याला बोट लागलं की तुम्ही विचार करून हात काढता का? नाही. हे कुणाला शिकवावं लागत नाही, उलटं शिकवावं लागतं. त्यांचे वस्ताद दोरावर चढायला लावायचे आणि वर गेलं की उतर म्हणायचे नाहीत. खाली उभं राहून पान खात दुसऱ्याशी गप्पा मारायचे. वर हात थरथरायला लागले, बोटं उलगडायला लागली की एखादा पठ्ठ्या रडकुंडीला यायचा, मग वस्ताद वर बघून म्हणायचे, हां, आता खरं धर. ते ‘आता खरं धर’ शिकायला पप्पांना दोन वर्षं लागली असं ते म्हणतात. एके-47 च्या मॅगझिनमध्ये 30 गोळ्या असतात, ऑटोवर टाकली तर तीन-चार सेकंदात संपतात, आणि नळी तापते ती वेगळीच. पप्पा म्हणाले, ‘तीन सेकंद म्हणजे काय, एक डाव पण होत नाही. पण अंगात गोळी शिरत असताना तीन सेकंद लई झाले. त्या माणसानं तालीम कुठं केली असंल?’

शेवटचं वाक्य त्यांनी मला विचारलं नव्हतं. वाट्या गोळा करत स्वतःशीच म्हणाले.

मला मात्र या सगळ्यातली दुसरी बाजू जास्त महत्त्वाची वाटते. ऑफिसात माझे एक सहकारी आहेत, दर 26/11 ला त्यांचं ठरलेलं वाक्य, तिथंच गोळी घालायची होती, चार वर्षं बिर्याणी खायला घातली. एक तर बिर्याणीची गोष्ट खोटी, त्या खटल्यातले सरकारी वकील उज्ज्वल निकमांनीच 2015 ला सांगितलं की कसाबनं बिर्याणी कधी मागितली नव्हती आणि ते आपणच रचून बोललो होतो. आणि दुसरं म्हणजे गोळीच घालायची असती तर ओंबळेंना नळी धरायची गरजच नव्हती की. तो जिवंत हातात आला म्हणून कुठनं आले, कुणी पाठवलं, कसे आले हे जगापुढं मांडता आलं, नाहीतर दहा बिननावाची प्रेतं आणि पाकिस्तान म्हणणार आमचा काय संबंध. आर्थर रोडला स्पेशल कोर्ट बसलं, मे 2010 मध्ये फाशीची शिक्षा झाली, मग हायकोर्ट, मग 29 ऑगस्ट 2012 ला सुप्रीम कोर्टानं कायम केली, आणि 21 नोव्हेंबर 2012 ला येरवड्यात फाशी. त्याला वकील दिला, सगळं कायद्यानं केलं. हे मी बोलले तर सहकारी म्हणाले तुम्ही फार पुस्तकी बोलता. घरी येऊन पप्पांना सांगितलं तर पप्पांनी खात्याच्या भाषेत एका ओळीत मिटवलं, ‘ओंबळेसाहेबांनी आरोपी हजर केला.’ हवालदार माणूस, त्याच्या तोंडात याच्यापेक्षा मोठं कौतुक नाही.

2016 ला आत्तेभावाच्या लग्नाला डोंबिवलीला जायचं होतं, महालक्ष्मी एक्स्प्रेसनं निघालो, पप्पा म्हणाले थेट सीएसटीला उतरू, लग्न काय संध्याकाळी आहे. मम्मीला वाटलं महालक्ष्मीचं दर्शन वगैरे असेल. टॅक्सीवाल्याला पप्पांनी सांगितलं, गिरगाव चौपाटी.

तिथं ओंबळेंचा पुतळा आहे. मी मनात तयारी केली होती की पप्पा आता सॅल्युट करणार, डोळ्यात पाणी येणार, मी फोटो काढणार. फोन पण काढून ठेवला होता. पप्पांनी पुतळ्याकडं एकदा बघितलं, चप्पल काढून हात जोडले आणि लगेच पाठ फिरवून रस्त्याकडं तोंड करून उभे राहिले. दुभाजक बघायला लागले. मग फुटपाथवरनं पावलं टाकत इकडनं तिकडं गेले, परत आले, मान वाकडी करून वळण बघितलं. भर उन्हात, पांढरा लेंगा-शर्ट, डोक्याला टोपी, म्हातारा माणूस मरीन ड्राईव्हला पावलं मोजतोय. मम्मी मला म्हणाली, ह्यांना ऊन लागलंय, पाणी घे. शेवटी एक तरुण ट्रॅफिक पोलीस आला, त्याला वाटलं काकांना रस्ता ओलांडायचाय. पप्पांकडं बघितलं, केस बघितले, उभं राहायची पद्धत बघितली आणि म्हणाला, ‘खात्यातले का?’ पप्पा म्हणाले, ‘कोल्हापूर. झालो रिटायर.’ तो पोरगा पण सांगली बाजूचा निघाला. मग दोघं वीस मिनिटं बोलले. मी कान देऊन ऐकत होते, म्हटलं आता ओंबळेंचा विषय निघेल. साप्ताहिक सुट्टी मिळते का, क्वार्टर मिळाली का, आई-वडील कुठं असतात, बारा तासाची ड्युटी असते का आठ, शुगर तपासून घेत जा. ओंबळेंचं नाव दोघांपैकी एकानंही काढलं नाही. निघताना तो पोरगा वाकून पप्पांच्या पाया पडायला गेला तर पप्पा म्हणाले, ‘ड्युटीवर वाकायचं नाही, ट्रॅफिककडं बघ.’

टॅक्सीत बसल्यावर म्हणाले, अंतर फार कमी आहे. मागं सरायला जागाच नव्हती असं नाही, पण सरला असता तर मागच्यांना लागलं असतं. एवढं बोलून खिडकीबाहेर बघत बसले.

ओंबळेंना 26 जानेवारी 2009 ला अशोकचक्र मिळालं, राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील होत्या. शांततेच्या काळातला शौर्याचा सगळ्यात मोठा पुरस्कार. एका सहायक फौजदाराला. लाईनीत त्या दिवशी टीव्ही मोठ्या आवाजात लावले होते, एवढं आठवतं.

पण पप्पांचा खरा दिवस 21 ऑक्टोबर. पोलीस स्मृतिदिन. हे बऱ्याच लोकांना माहीतच नसतं. 1959 ला लडाखमध्ये हॉट स्प्रिंग्जला चिनी सैन्यानं आपले 10 पोलीस मारले, सैनिक नव्हे, पोलीस, तेव्हा ती सरहद्द पोलीस सांभाळायचे. त्या दिवसाची आठवण म्हणून देशभर पोलीस मुख्यालयांत परेड होते आणि वर्षभरात ड्युटीवर जीव गेलेल्या सगळ्या पोलिसांची नावं वाचतात. सगळ्या राज्यांतली. आपल्याकडं कसबा बावडा रोडला मुख्यालयात होते. रायफली उलट्या करून माना खाली, शोकशस्त्र म्हणतात त्याला, आणि माईकवरनं नुसती नावं. लहानपणी मला ते फार कंटाळवाणं वाटायचं, ऊन डोक्यावर आणि नावं संपतच नाहीत.

2009 च्या परेडला पप्पा उभे होते. त्या वर्षी महाराष्ट्राची यादी लांबलचक होती, मुंबईची नावं होती आणि गडचिरोलीची पण. फेब्रुवारीत मरकेगावला नक्षलवाद्यांनी 15 पोलीस मारले होते, मे महिन्यात हत्तीगोट्याला 16, त्यात 5 महिला पोलीस. पाच पोरी. तुम्हाला त्यातली एक तरी माहीत आहे? मला नाही. आणि मी लाईनीत वाढलेली आहे. पप्पा म्हणाले, ओंबळेसाहेबांचं नाव आलं तेव्हा बघायला आलेल्या लोकांत जरा चुळबुळ झाली, माना वर झाल्या, आणि पुढचं नाव आलं की परत शांत. ते त्यांना लागलं होतं. ओंबळेंचं कौतुक झालं म्हणून नाही हो, पुढच्या नावाचं कुणाला काही वाटलं नाही म्हणून.

आता एक गंमत. 2021 ला माझा भाचा झूऑलॉजी शिकत होता, तो मोबाईल घेऊन पळत आला, म्हणाला आजोबा, ओंबळेंच्या नावानं कोळी सापडलाय. ठाणे-कल्याण भागात संशोधकांना उड्या मारणाऱ्या कोळ्याची नवी जात मिळाली आणि तिचं नाव त्यांनी ठेवलं आयसियस तुकारामी, ओंबळेंच्या स्मरणार्थ. पप्पा एकदम भडकले. ‘कोळी? अरे रस्त्याला नाव द्या, शाळेला द्या, कोळ्याला काय देताय? चेष्टा लावलीय का माणसाची?’ भाच्यानं बिचाऱ्यानं समजावलं की शास्त्रात नाव देणं हा मोठा मान असतो, जगभरातल्या पुस्तकात ते नाव राहतं, रस्त्याचं नाव नगरसेवक बदलतो पण हे बदलत नाही. पप्पा ऐकायला तयार नाहीत. मग तो म्हणाला, आजोबा हा कोळी शिकारीसाठी जाळं विणत नाही. शिकार समोर आली की थेट झेप घेऊन धरतो.

पप्पांनी मोबाईल हातात घेतला, चष्मा लावला, फोटो मोठा करून बघितला. ‘केवढा असतोय?’ भाच्यानं नखाचा कोपरा दाखवला. ‘आणि धरतो?’ धरतो. ‘हं,’ म्हणाले, मोबाईल परत दिला. मंजुरी मिळाली. त्यानंतर गॅलरीत कुठलाही कोळी दिसला की मम्मीला झाडू मारू देत नाहीत, घराचं वाटोळं झालंय जाळ्यांनी. मम्मी म्हणते, अहो जाळी विणणारे ते नव्हेत, तो वेगळा. पण कोण ऐकतंय.

पुढच्या वर्षी महाबळेश्वरला गेलो होतो, साताऱ्यावरनं मेढ्याच्या रस्त्यानं. मेढ्यात चहाला थांबलो. चहावाल्याला मी सहज विचारलं, केडंबे कुठं आलं? तो उत्साहानं सांगायला लागला, ओंबळेंच्या गावाला जायचंय होय, चला चला, असं असं जावा. मी गाडीची चावी फिरवली आणि पप्पा म्हणाले, नको. का? ‘कुणाच्या दारात जाऊन काय बघायचं? त्यांचा माणूस गेलाय. आपण काय देव बघायला आलोय व्हय?’ मला राग आला, एवढ्या जवळ आलोय. पण मग आठवलं, लाईनीत शेजारचे काका ड्युटीवर असताना वारले तेव्हा वर्षभर कोण कोण यायचं, हार घेऊन, फोटो काढून, आणि काकू प्रत्येक वेळी साडी बदलून बाहेर यायच्या आणि चहा करायच्या. लोक चांगल्या मनानंच यायचे. चहाचे पैसे देऊन आम्ही केळघर घाटाला लागलो.

परवा 26 तारखेला कराडवरनं रात्री परत येत होतो, मी गाडी चालवत होते, पप्पा शेजारी, मागं मम्मी झोपलेली. तावडे हॉटेलच्या पुढं शहरात शिरताना लांबनं बॅरिकेड दिसलं, प्लास्टिकच्या दोन खुर्च्या, तीन-चार पोलीस. मी मनात म्हटलं झालं, आता कागद काढा. पप्पा नेहमीसारखे म्हणाले, ‘हेडलाईट बंद कर. आतली लाईट लाव. काच खाली घे.’ हे ते मला गाडी शिकल्यापासनं सांगतात, प्रत्येक नाक्यावर, न चुकता, आणि इतकी वर्षं मी वैतागून म्हणायचे, अहो पप्पा, सांगतील की ते, सांगितल्यावर लावते. परवा काही बोलले नाही. दिवे घालवले, आतली लाईट लावली, काच खाली केली आणि दोन्ही हात स्टिअरिंगवर दिसतील असे ठेवले. पप्पांनी पण आपले हात मांडीवरनं उचलून डॅशबोर्डवर ठेवले.

पोरगा पुढं आला, बावीस-तेवीसचा असेल, कानाला मफलर, हातात लाठी, आता फायबरची असते. वाकून आत बघितलं. आधी हात बघितले, मग तोंडं.

‘कुठनं आलाय काका?’

‘कराड.’

‘जावा.’